गाळणीत राहिलेलं

"…आणि मग मागचं सगळं धुऊन निघतं का, भन्ते?"

प्रज्योत खोब्रागडेनं हे विचारलं तेव्हा भन्ते उपसेन सुईत दोरा ओवत होते. दोरा दोनदा चुकला होता. तिसऱ्यांदाही चुकला.

भन्त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं.

"चीवर घेतल्यावर, म्हणतो मी. माणूस मागचा राहत नाही ना?"

भन्त्यांनी सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरला.

प्रज्योतनं घेतला. माणूस डॉक्टरेटवाला. केसाहून बारीक भोकांच्या गाळण्या करण्यात त्याची पंधरा वर्षं गेलेली. पण आज सुईचं नेढं काही सापडेना. शेवटी गेला दोरा कसाबसा.

भन्त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं. पांढरं, मऊ, धुऊन धुऊन विरत आलेलं. ते उजेडाकडे धरून त्यांनी बोटांनी चाचपलं. एक भोक सापडलं. ते रफू करू लागले.

वैशाखातली दुपार होती. भंडाऱ्याकडचं एक लहान गाव, गावाबाहेर टेकाड, टेकाडावर हा विहार. दोन खोल्या आणि वर पत्रे. खाली बोडी. तिकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. ती आटून अर्ध्यावर आली होती आणि तिच्या पाण्यावर हिरवा तवंग धरला होता.

भन्ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बोलण्यात महाकंजूष. गावातले लोक म्हणायचे, भन्त्यांकडून एक वाक्य काढायचं तर उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा दोर लांब सोडावा लागतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून दुधी झालेला. प्रज्योत आल्यापासून त्या डोळ्याकडे बघायचं टाळत होता.

लहानपणी दर रविवारी तो याच ओसरीवर बसून पाली सुत्तं शिकला होता. तेव्हाही प्रश्न पुरा व्हायच्या आधी याचा हात वर. उत्तर बरोबर असायचं, हेही खरंच. भन्ते तेव्हाही त्याला शाबासकी देत नसत, आणि ते त्याला फार लागायचं.

आज तो चीवर मागायला, भिक्खू व्हायला आला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन जोडी कपडे. हातात वेगळं गाठोडं, त्यात नागपूरहून आणलेलं नवंकोरं चीवर. दहा दिवस भिक्खूसारखं राहायचं श्रामणेर शिबिर नव्हे. कायमचं.

"आधी सांग," भन्ते म्हणाले, "काय झालं."

*

प्रज्योतनं सांगितलं. नीट, क्रमानं, सभेत सांगावं तसं. हुशार माणसाला आपलं दुःखसुद्धा मुद्देसूद सांगता येतं, तीच त्याची गोची असते.

गोष्ट चिंचोक्याची होती. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवले की खळ होते. तिकडच्या विणकरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ती सुताला लावत आले. प्रज्योतनं तीच खळ डोळ्यात घालायची केली. कोरड्या डोळ्यांना, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ओलावा धरून ठेवणारे थेंब. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले.

सगळी करामत गाळण्याची. खळीत कामाचा तेवढा डिंक असतो, लांबच लांब साखळ्यांचा. बाकी साखर, क्षार, रंग, वास. ते काढायचं कसं? हातभर लांबीची नळी, तिच्यात केसासारखे पोकळ धागे, धाग्यांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. खळीचं पाणी पंपानं त्यातून फिरवायचं, पुन्हा पुन्हा. बारीक असेल ते भोकातून निघून जातं. डिंक मोठा, तो आत राहतो. जेवढं पाणी गेलं तेवढं ताजं घालायचं, पुन्हा फिरवायचं. दिवसभरात मळकट पातळ खळीचा दाट, नितळ, बिनवासाचा डिंक होतो.

मग तो पुन्हा हवा तेवढा पातळ करून शेवटच्या गाळणीतून काढायचा. तिथं उलटा न्याय. तिथं डिंक पलीकडे जातो आणि जंतू अलीकडे अडकतात. ती गाळणी धड असेल तर थेंब डोळ्यात घालण्याजोगा. नसेल तर नाही.

"आणि ती धड नव्हती," प्रज्योत म्हणाला. "शिवण सुटली."

भन्ते टाका घालत होते.

"कुणी सोडली?"

"सुटली, भन्ते. दाबामुळे. डिंक दाट असतो, गाळणीवर थर धरतो, वाट बंद होते. दाब वाढला."

"वाढला?"

"…वाढवला गेला."

भन्त्यांनी दोरा दातानं तोडला. पुढे काही विचारलं नाही. प्रज्योत मात्र न विचारलेल्याचीही उत्तरं देत सुटला. कारखाना लहान, माणसं कमी, दुसऱ्या दिवशी पहिली पेटी मोतीबिंदूच्या शिबिराला जायची होती. पेटी गेली. शिबिरात ऑपरेशनं झाली, थेंब घातले गेले, आणि चौथ्या दिवसापासून डोळे सुजायला लागले. चार माणसांचा एकेक डोळा गेला. त्यातला एक शिंपी होता.



"तुमच्या डोळ्याचं…" तो एकदम बोलून गेला, "भन्ते, ऑपरेशन करून…" आणि गप्प झाला. कुठल्या तोंडानं सांगणार होता?



मग त्यानं उरलेलं सांगितलं, घाईघाईनं. चौकशी समिती नेमली. तपासणीच्या वहीवर सही सापडली ती सायत्राबाईची. सायत्राबाई मडावी, गाळण्या धुणारी आणि तपासणारी बाई. समिती सोमवारी अकराला शेवटची बसणार. त्यानंतर तिचं नाव पोलिसांत जाणार.

आज शुक्रवार होता.

"मला ते सगळं बघवत नाही," प्रज्योत म्हणाला. "मन उडालं माझं त्या सगळ्यातून. राजीनामा लिहून ठेवला आहे. तुम्ही मला पदरात घ्या."

भन्त्यांनी फडकं झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

"तहान लागली. पाणी आण."

*

रांजणात खडखडाट होता. बोअरचं पाणी मचूळ, ते दारातल्या कमळाच्या टाक्यातच घालत. प्यायला पाणी बोडीचं, गाळून.

प्रज्योत कळशी घेऊन उतरला. उन्हात डोकं तडकत होतं. चिखलात घोट्यापर्यंत पाय घालून त्यानं तवंग बाजूला सारला, कळशी भरली, टेकाड चढून वर आला. त्याच्या हाताला अशी कामं राहिली नव्हती. पण मनातून त्याला बरं वाटत होतं. भन्ते सेवा करून घेतायत म्हणजे नाही म्हणणार नाहीत, असं त्यानं मनाशी धरलं.

भिक्खूजवळ आठच वस्तू असाव्यात अशी रीत आहे. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि आठवी ही पाणी गाळायची गाळणी. लहानपणी त्यानं ती यादी घडाघडा म्हणून दाखवली होती.

त्यानं फडकं रांजणाच्या तोंडावर बांधलं आणि पाणी ओतलं. पहिला तांब्या झरझर गेला. दुसरा सावकाश. तिसऱ्याला पाणी फडक्यावरच थबकून राहिलं. खाली थेंब… थेंब…

आता ही तर त्याच्या घरची गोष्ट. वर हिरवा थर बसला, भोकं झाकली, की अडकलेलंच वाट अडवतं. गाळणीत राहतं तेच गाळणी बंद करतं. यावर त्याचे तीन निबंध छापून आले होते.

भन्ते ओसरीवरून बघत होते. ओठ सुकलेले.

प्रज्योतनं फडक्याची चार टोकं उचलली, गाठोडं केलं आणि पिळलं. हाताला जोर होता. पाणी धो धो रांजणात पडलं. त्यानं आणखी एक पीळ दिला, मग आणखी एक. शेवटचा थेंबही सोडला नाही. मग फडकं उलटं करून पलीकडच्या कातळावर सपकन झटकलं, दोन वेळा, आणि दोरीवर वाळत घातलं.

तांब्या भरून त्यानं भन्त्यांपुढे ठेवला.

"झालं," तो म्हणाला.

भन्त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

ते उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत उठले. दोरीवरचं फडकं बोटानं चाचपलं. मग उन्हात कातळाजवळ गेले आणि खाली बसले. तापलेल्या दगडावर सरळ गुडघे टेकले.

प्रज्योत मागोमाग गेला. भन्ते कशाकडे बघतायत ते त्याला आधी कळलंच नाही. मग दिसलं.

ओल्या शेवाळाच्या दोन-तीन चिंधड्या, आणि त्यात हालचाल. सुतासारख्या लाल अळ्या. उड्या मारणारे मोहरीएवढे जीव. एक पारदर्शक काहीतरी, पाय हलवणारं. बरेचसे चिरडलेले होते. पिळताना चिरडले असावेत. उरलेले वळवळत होते. दगडावरची ओल कडेकडेनं आत सरकत होती. ज्याच्यापर्यंत ती कड पोचे तो थांबे.

भन्त्यांनी तांब्या मागितला. त्या दगडावर पाणी ओतलं.

उशीर झाला होता. एकच लाल अळी पाण्याबरोबर हलली. तिला त्यांनी बोटाच्या टोकावर घेतलं. तीही थोड्या वेळानं सरळ झाली.

भन्ते उठले नाहीत. उन्हात तसेच बसून राहिले. त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर घाम जमून कानामागून उतरत होता. प्रज्योतला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. रागवा, हाकलून द्या, काहीतरी बोला…

"गाळणी कुणासाठी असते?" भन्त्यांनी विचारलं.

हात वर करायची सवय जाता जात नाही.

"पिणाऱ्यासाठी."

भन्त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पिणाऱ्याचं काय जातं? पोट दुखेल. दोन दिवस निजून राहील."

त्यांनी दगडाकडे बोट केलं.

"यांच्यासाठी असते."

*

यादी त्याला पाठ होती. आठही वस्तू पाठ होत्या. गाळणी कशासाठी, हे त्यानं तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण ते आपल्याला माहीतच आहे असं तो धरून चालला होता. गाळायचं म्हणजे आपल्याला हवं ते घ्यायचं आणि नको ते फेकायचं. दुसरं असणार काय?

तो भन्त्यांशेजारी खाली बसला. दगड पोळत होता.

"तिनं सांगितलं होतं मला," तो म्हणाला.



आता जे आलं ते मुद्देसूद नव्हतं. मागचं पुढं, पुढचं मागं. ओकारीच ती.

सायत्राबाई चौथी शिकलेली. आधी विणकरांकडे खळ शिजवायची. या कारखान्यात तिला त्यानंच आणलं, त्यानंच शिकवलं, आणि चार वर्षांत ती अशी तयार झाली की पंपाच्या आवाजावरून सांगायची, नळी चोंदली. दाब वाढवायला गेलं की म्हणायची, दम खाऊ द्या जी तिला. पंप जरा बंद करा, थर आपला आपण सुटते. प्रज्योत हसायचा. पण बंद करायचा, आणि थर सुटायचा.

त्या दिवशी नाही केला. शेवटच्या गाळणीवर डिंक अडून बसला होता, दिवस मावळायला आला होता, उद्या पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. चिंचोक्याच्या खळीवर हसणारे सगळे उद्या टाळ्या वाजवणार होते. त्यानं स्वतःच्या हातानं काटा लाल रेघेच्या पुढे नेला. डिंक झरझर उतरला.

काम झालं की शेवटची गाळणी तपासायची, हा नेम. ओल्या गाळणीत एका बाजूनं हवा सोडायची आणि दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवायची. ठरलेल्या दाबापर्यंत पाणी शांत राहिलं तर गाळणी धड. आधीच बुडबुडे आले तर कुठंतरी फाटली. मग त्यातून काढलेलं सगळं टाकून द्यायचं, सगळं, पंधरा दिवसांचं.

सायत्राबाईनं ग्लास उजेडाकडे धरला होता. म्हणाली होती, "सर, बुडबुडा येऊन राहिला ना जी."

एक बुडबुडा. मग काही नाही. मग आणखी एक.

"मी म्हटलं, नळीत अडकलेली हवा आहे." प्रज्योत दगडाकडे बघत बोलत होता. "मला माहीत होतं ती नळीतली हवा नाही. मी म्हटलं, नाही लिही."

वहीत रकाना होता: बुडबुडे आले का? तिनं पेन हातात धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या त्या गोल गोल, सावकाश अक्षरांत 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. सरांना जास्त कळतं.



"एवढंच नाही," प्रज्योत म्हणाला.

"हं."

"समितीनं तिला विचारलं. ती म्हणाली, सरांना विचारा, त्यांनीच शिकवलं मला. दुसरं एक अक्षर बोलली नाही. मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं… त्या वेळी मी तिथं नव्हतो."

खाली बोडीकाठी एक टिटवी ओरडत होती. थांबली.

"ती समोरच्या बाकावर बसली होती, भन्ते. मी हे म्हटल्यावर तिनं मान खाली घातली. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं नुसती मान खाली घातली. लाज तिला वाटली. माझी."

तो रडला. चाळिशीचा माणूस, तोंड दोन्ही हातांनी झाकून, शाळेतल्या मुलासारखा हुंदके देत रडला. भन्त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. उठून गेलेही नाहीत.

*

बऱ्याच वेळानं तो शांत झाला. तोंड पुसलं. आणि बघा, माणसाचं मन काय चीज आहे. रडून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबरोबर त्याला वाटलं की संपलं. सांगून झालं, धुऊन निघालं.

"आता तुम्हाला सगळं माहीत आहे," तो म्हणाला. "आता तरी चीवर द्या. मी इथंच राहतो. पाणी आणीन, झाडलोट करीन. पुन्हा त्या कारखान्याचं तोंड बघायचं नाही मला."

भन्त्यांनी दोरीवरचं फडकं काढून त्याला दिलं.

"पाणी," ते म्हणाले.

रांजणात पाणी होतं. पण तो वाद घालायला धजला नाही. कळशी घेऊन पुन्हा उतरला, पुन्हा चिखलात गेला, पुन्हा भरून आणली. या खेपेला फडकं सैल बांधलं. पाणी ओतलं, आणि तो थांबला.

थर धरला. पाणी थबकलं. थेंब… थेंब…

त्याचा हात आपोआप फडक्याच्या टोकाकडे गेला. त्यानं तो मागे घेतला.

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली सरकलं. भन्ते तहानलेलेच बसले होते. प्रज्योतनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि फडक्याची कड थोडी वर उचलली, थोडी खाली सोडली. दम खाऊ दिला. थर एका बाजूनं सुटला, पाणी गेलं. पुन्हा थोडं ओतलं. पुन्हा थांबला. एका कळशीला किती वेळ लागावा? चारची एसटी येऊन गेली, तिचा हॉर्न खालच्या रस्त्यावरून ऐकू आला, आणि अजून तळाशी तांब्याभर पाणी बाकी होतं.

शेवटी झालं. भन्त्यांनी कोनाड्यातलं मातीचं परळ दिलं. त्यात त्यानं थोडं पाणी घेतलं, फडकं अलगद सोडवलं आणि त्यात उलटं केलं. बोटांनी न चोळता, नुसतं बुडवून हलवलं. हिरवट चिंध्या सुटल्या. त्यांतून एकेक जीव बाहेर आला. लाल अळ्या आकड्यासारख्या वळून पोहू लागल्या. मोहरीएवढे ते, उड्या मारत सुटले. त्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सगळे जिवंत होते.

त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काहीतरी उमटलं. हसू म्हणता यायचं नाही. पण भन्त्यांनी बघावं असं त्याला वाटलं. परळ त्यांच्यापुढे धरून तो उभा राहिला.

भन्त्यांनी एका डोळ्यानं बराच वेळ पाहिलं. मग रांजणातलं पाणी घेतलं आणि सावकाश, घोट घोट करत तांब्याभर प्यायले.

"आता?" त्यांनी विचारलं.

प्रज्योतनं आजूबाजूला पाहिलं. विहाराच्या दारातच कमळाचं टाकं होतं. गावातल्या लोकांनी बांधलेलं, निळ्या फरशीचं. पिंपळाची सावली, दोन कमळं, तळ दिसेल असं नितळ पाणी. खाली बोडीत हिरवा तवंग, कडेला भेगाळलेला चिखल, आणि त्या चिखलात बगळे टपून उभे होते.

"बोडी तर आटत चालली, भन्ते," तो म्हणाला. "आठ-पंधरा दिवसांत नुसता गाळ उरेल. बगळे एकालाही सोडायचे नाहीत. ह्यांना इथं टाक्यात सोडतो. सावली आहे. पाणी स्वच्छ आहे."

आणि तो टाक्याकडे वळला.

मागून चपलांचा आवाज आला. म्हातारा एवढ्या लवकर उठून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. भन्ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात प्रज्योतची पिशवी होती, कपड्यांची. चीवराचं गाठोडं ओसरीवरच होतं.

त्याचे दोन्ही हात परळात गुंतलेले. भन्त्यांनी पिशवीचा बंद त्याच्या डोक्यावरून घातला, खांद्यावर नीट बसवला, आणि गळ्यापाशी दुमडलेली कॉलर बाहेर काढली.

प्रज्योतनं हातातल्या परळाकडे पाहिलं.

"भन्ते… तिथं ते मरतील."

भन्ते बाजूला झाले. टेकाडावरून बोडीकडे जाणारी पायवाट मोकळी झाली. तीच पुढे एसटीच्या रस्त्याला लागते.

"ज्या पाण्यातून आणलंस," ते म्हणाले, "त्याच पाण्यात नेऊन सोड."